कॅमेरा नवीन घेतला, बाकी सगळं जुनंच : काय अपडेट करायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

अर्धाक्लिक

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नऊ वर्षं एकच डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरला. तक्रार काही नव्हती, पण शटर दोन लाख क्लिकच्या घरात गेलं आणि मधूनच एरर द्यायला लागलं म्हणून शेवटी मिररलेस (बिनआरशाचा) घेतला. पहिल्याच रविवारी दिवसभर पक्ष्यांमागे फिरलो, साडेनऊशे फ्रेम, सगळे रॉ (जेपेग नव्हे, सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल). घरी येऊन कार्ड लावलं तर माझं फोटो एडिट करायचं लाईटरूम ६ (हो, तेच, एकदाच पैसे भरून घेतलेलं) म्हणतं ही फाईल मला ओळखता येत नाही. साडेनऊशेपैकी एकही नाही. आणि गंमत म्हणजे साध्या इमेज व्ह्यूअरमध्ये तेच फोटो छान दिसत होते, त्यामुळे अर्धा तास मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकतंय.

मग नव्या लाईटरूमचं सबस्क्रिप्शन घेतलं, त्याने कॅटलॉग (फोटोंच्या नोंदींची फाईल) अपग्रेड करू का विचारलं, मी हो म्हटलं, आता लॅपटॉपचा पंखा कायम बोंबलतोय आणि एक फोटो डीनॉइज करायला (दाणे घालवायला) अकरा मिनिटं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून ते वेगळंच मागे लागलंय. कॅमेराही पहिल्या दिवसापासून नवीन फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आलंय म्हणून सांगतोय. एक टाका ओढला आणि सगळंच उसवायला लागलं असं झालंय.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक हे कधी करता, कुठल्या क्रमाने करता, आणि न करता किती वर्षं चालतं? "सगळं नवीन घे" हे उत्तर नकोय, ते मला आरसासुद्धा देतो.

रीळवाला_काका

आरसा नको म्हणूनच तर मिररलेस घेतलास ना रे :)

असो. आधी ती पहिली भानगड. तुझ्या जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाईलचं एक्स्टेन्शन एकच असेल, पण आत मांडणी वेगळी असते. कंपनी दर मॉडेलला काहीतरी बदलते आणि सॉफ्टवेअरवाल्यांना प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं काम करावं लागतं. लाईटरूम ६ ची शेवटची आवृत्ती ६.१४, ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. त्यानंतर बाजारात आलेला कुठलाही कॅमेरा तिला माहीतच नाही. आणि व्ह्यूअरमध्ये दिसत होतं तो रॉ नव्हताच, प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेग असतो, तो दिसत होता.

सबस्क्रिप्शन घेण्याआधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं, अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. नवीन रॉ त्यातून काढायचे, प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी जुन्या आवृत्तीची ठेवायची, आणि लाईटरूम ६ मध्ये ते मुकाट उघडतात. डीएनजी हा प्रकार २००४ पासून आहे, तो नेमका ह्यासाठीच. मी दोन वर्षं असंच ढकललं. फक्त "मूळ रॉ आत ठेवा" हा पर्याय चालू करू नकोस, फाईल जवळपास दुप्पट होते. मूळ रॉ वेगळे जपून ठेव, फेकू नकोस.

रात्रपाळी

काकांशी सहमत, पण एक पुस्ती. नवीन कॅमेऱ्यात रॉचे तीन-चार प्रकार असतात त्यात सगळ्यात छोटी फाईल देणारा प्रकार लगेच निवडू नका. निकॉन झेड९ सोबत २०२१ मध्ये हाय एफिशियन्सी रॉ आला, फाईल एकदम लहान, कार्डावर भरपूर मावतात म्हणून मी खूश, आणि मग माझ्या फुकटातल्या एडिटरला तो बराच काळ वाचताच येत नव्हता. लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवा. जागा जाते पण कुठेही उघडतो.

चाललंयतेचालूदे

माझं मत सरळ आहे. चालू मशीनला हात लावू नये. फर्मवेअर म्हणजे कंपनीने अर्धवट विकलेला माल नंतर पूर्ण करून देणं. माझ्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर २०१६ चं आहे आणि फोटो येतात.

पिक्सेलमोजणी

@चाललंयतेचालूदे, तुमच्या डीएसएलआरला ते लागू आहे हो, मिररलेसला नाही. तिथे ऑटोफोकस म्हणजे बहुतांशी सॉफ्टवेअरच. फुजीचा एक्स-टी३ २०१८ चा, त्याला २०२० च्या ऑक्टोबरात ४.०० फर्मवेअर आलं आणि फोकस पुढच्या मॉडेलच्या बरोबरीला आला, तेही फुकट. झेड९ ला एप्रिल २०२२ मध्ये २.० आलं तर कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात ८के ६० फ्रेम रॉ व्हिडिओ, जून २०२३ च्या ४.० मध्ये ऑटो कॅप्चर, म्हणजे कॅमेरा झाडाखाली लावून निघून जायचं, प्राणी आला की तो आपण होऊन क्लिक करतो. ह्याला अर्धवट माल म्हणायचं असेल तर मला असा अर्धवट माल अजून द्या.

पण केव्हा करायचं ह्यात मात्र तुमची शंका रास्त आहे. मी नवीन फर्मवेअर आलं की दोन-तीन आठवडे थांबतो. तोवर उत्साही मंडळी करून बघतात आणि काही बिघडलं तर बोंब होतेच. मग एखाद्या रिकाम्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट, फाईल कार्डावर अगदी बाहेर ठेवायची, कुठल्या फोल्डरमध्ये नाही (कॅमेऱ्याला दिसत नाही आणि माणूस तासभर डोकं फोडतो), आणि सुरू केल्यावर कॅमेरा टेबलावर ठेवून लांब जायचं. चुकून बटण बंद केलं तर सर्व्हिस सेंटरची वारी. आधी सगळी सेटिंग्ज कार्डावर सेव्ह करा, आपली नेमून ठेवलेली बटणं उडाली तर सेव्ह केलेली फाईल परत लोड करता येते. एक अडचण आहे, काही कॅमेरे जुन्या फर्मवेअरची सेटिंग फाईल नव्यात घेत नाहीत, म्हणून मी मेन्यूच्या पानांचे मोबाईलवर फोटोही काढून ठेवतो. हसू नका, दोनदा उपयोग झालाय.

उलटीछत्री

लेन्सचं फर्मवेअर विसरलात सगळे!

माझी कथा सांगते. दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स, जुन्या बॉडीवर मस्त चालायची, नव्या बॉडीवर लावली की फोकस नुसता मागेपुढे डुलायचा. मी बॉडीला शिव्या घालत होते, विकायलाही काढली होती. मग कुणीतरी सांगितलं की लेन्सचं अपडेट कर. जुन्या लेन्सना त्यासाठी वेगळा डॉक लागतो, सिग्माचा यूएसबी डॉक, टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल. टॅमरॉनच्या बऱ्याच नवीन लेन्सवर सरळ यूएसबी-सीचं भोक असतं. पाच मिनिटांचं काम आणि लेन्स सुतासारखी सरळ.

रात्रपाळी

हायला उलटीछत्री, विकायला काढली होती??

उलटीछत्री

जाहिरातसुद्धा टाकली होती. घेणारा आला नाही हे नशीब.

बॅकबटण

फर्मवेअरचा विषय निघालाच आहे तर माझी जखम दाखवतो. संध्याकाळी अपडेट केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एका कार्यक्रमाचं काम. ओरिजिनल बॅटरी एक, बाकी तीन स्वस्तातल्या भलत्याच कंपनीच्या, चार वर्षं बिनतक्रार चाललेल्या. साडेनऊला ओरिजिनल संपली, दुसरी टाकली तर स्क्रीनवर मेसेज की ही बॅटरी वापरता येणार नाही, तिसरी टाकली, तेच, चौथी, तेच, आणि समोर माणसं उभी आहेत आणि मी बॅटरीचं दार उघडतोय बंद करतोय उघडतोय बंद करतोय. शेवटी ओरिजिनल पॉवरबँकला लावून वीस-वीस मिनिटं चार्ज करत दिवस काढला, बरोबरच्या मुलाच्या कॅमेऱ्यावर अर्धं काम. कंपनीचं नाव घेत नाही, तसंही चूक माझीच. तेव्हापासून कामाच्या आधीच्या आठवड्यात कशालाही हात नाही. कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही, काही नाही. आणि अपडेट केल्यावर सगळ्या बॅटऱ्या, सगळी कार्डं, सगळ्या लेन्स, फ्लॅश, ट्रिगर एकेक करून लावून बघतो.

अवांतर : बॅटऱ्या महिनोन्‌महिने पडून राहणार असतील तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. लिथियमची बॅटरी भरलेल्या अवस्थेत लवकर म्हातारी होते.

रीळवाला_काका

बॅकबटण, +१. हे वाक्य कॅमेऱ्याच्या बॅगेत चिकटवून ठेवायच्या लायकीचं आहे.

धूळफुंक्या

सगळे कॅमेऱ्यावरच बोलताय, मला वाटतं धागाकर्त्याचं खरं दुखणं मधल्या वस्तूंमध्ये असणार. @अर्धाक्लिक, तुझा कार्ड रीडर किती जुना आहे?

अर्धाक्लिक

जुन्या कॅमेऱ्याबरोबर घेतलेला. का? चालतो की.

धूळफुंक्या

चालतो म्हणजे चालतच असेल, धावत नसेल.

हिशोब बघ. रीडर यूएसबी २.० चा असेल तर कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट. ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला जवळपास अर्धा तास. तेच कार्ड यूएसबी ३ च्या रीडरमध्ये ९० च्या आसपास, म्हणजे बारा मिनिटं. आणि नवीन कॅमेऱ्याबरोबर यूएचएस-२ कार्ड घेतलं असशील (उलटं करून बघ, सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, यूएचएस-१ ला एकच), तर त्याचा वेग जुन्या रीडरमध्ये मिळणारच नाही, कारण दुसरी रांग तिथे कशालाच टेकत नाही. कार्ड खराब होत नाही, फक्त तू भरलेले पैसे वाया जातात. अजून एक, कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो. सलग शूट करताना बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती मेमरी) रिकामा व्हायला लेखनाचा वेग लागतो आणि व्हिडिओसाठी तो व्ही३०, व्ही६०, व्ही९० वाला शिक्का बघायचा, तो किमान सलग लेखनाचा वेग सांगतो, सेकंदाला तितके मेगाबाइट.

आता केबल. मी एक्स्टर्नल एसएसडी घेतली, हजारच्या वर वेग लिहिलेला, आणि कॉपी ४० ने. परत करायला निघालो होतो. घरातली दुसरी केबल लावली तर भरारी. पहिली केबल मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली होती, टोकाला यूएसबी-सी, आत तार यूएसबी २.० ची. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी. तेव्हापासून वेगवान केबलला मी लाल चिकटपट्टी गुंडाळलीय आणि बाकी कुणालाही ती चार्जिंगला न्यायची परवानगी नाही.

पिक्सेलमोजणी

लाल चिकटपट्टी हहपुवा, पण उद्याच करणार.

कार्डावरून आठवलं, निकॉनचे झेड६ झेड७ आले (२०१८) तेव्हा एक्सक्यूडी कार्डावर चालायचे. डिसेंबर २०१९ च्या फर्मवेअरनंतर त्याच खाचेत सीएफएक्सप्रेस चालायला लागलं. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना कार्ड बिघडलंय असं वाटायचं.

रात्रपाळी

आता कॅटलॉगबद्दल, कारण मूळ पोस्टमध्ये "मी हो म्हटलं" वाचून पोटात गोळा आला.

घाबरू नकोस, मोठ्या अपग्रेडला लाईटरूम जुन्या कॅटलॉगला हात लावत नाही, नवीन प्रत बनवतं, जुनी एलआरकॅट (कॅटलॉगची फाईल) तिथेच असते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, जुन्या प्रती आणि त्यांचे प्रिव्ह्यू साठत जातात आणि डिस्क भरते, माझ्याकडे एकदा शंभर जीबीच्या वर नुसता हा कचरा निघाला. नवीन कॅटलॉग महिनाभर नीट चालला की जुने प्रिव्ह्यू उडवायचे, जुना कॅटलॉग मात्र झिप करून ठेवायचा. दोन, चुकून जुना कॅटलॉग उघडून त्यात चार दिवस काम केलंस तर ते नव्यात नसणार. फाईलच्या नावात आवृत्ती असते ती बघत जा.

आणि हे ठळक अक्षरात वाच : लाईटरूम बंद करताना "बॅकअप घेऊ का" विचारतं तो फक्त कॅटलॉगचा बॅकअप आहे. फोटोंचा नाही. कॅटलॉग म्हणजे रजिस्टर, कुठला फोटो कुठे ठेवलाय आणि त्याला काय केलंय त्याची नोंद. फोटो बाहेर फोल्डरमध्येच असतात. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी "सगळं लाईटरूममध्ये आहे की" म्हणून डिस्कवरचं फोल्डर उडवलं होतं. रजिस्टर राहिलं, गोदाम गेलं.

एक्सएमपी लिहिणं चालू ठेव, म्हणजे तुझे स्लायडर रॉच्या शेजारी छोट्या फाईलमध्येही राहतात, कॅटलॉग मेला तरी एडिट वाचतात. कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी मात्र त्यात जात नाहीत, त्या कॅटलॉगबरोबरच जातात.

उलटीछत्री

ह्यालाच जोडून, डार्कटेबल (फुकटातला रॉ एडिटर) वापरणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, नवीन आवृत्तीने डेटाबेस एकदा वर नेला की जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही. मी "आवडलं नाही तर परत जाऊ" म्हणून अपडेट केलं आणि परत जायची वाट बंद. आता आधी कॉन्फिग फोल्डर कॉपी करते मगच.

अर्धाक्लिक

बाप रे. माझे फोटो एकाच एक्स्टर्नल डिस्कवर आहेत. तीही नऊ वर्षांचीच.

रीळवाला_काका

अरे मग कॅमेरा, लॅपटॉप, फर्मवेअर सगळं बाजूला ठेव आणि आज रात्री आधी हे कर!!

नऊ वर्षं फिरणारी डिस्क म्हणजे उसनं आयुष्य. तीन-दोन-एक नियम पीटर क्रोग ह्या फोटोग्राफरने लोकप्रिय केला, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. तीन नाही जमलं तर आत्ता दोन तरी कर. कॉपी झाल्यावर मधलेच पाच-पंचवीस रॉ उघडून बघ, नुसती संख्या जुळली म्हणून समाधान मानू नकोस, अर्धा फोटो राखाडी झालेला मी बघितलाय. आणि एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात वीज न देता ठेवायची वस्तू नाही, कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्क बरी, तीही वर्षातून एक-दोनदा लावून बघायची.

चाललंयतेचालूदे

हे मात्र मलाही मान्य. माझ्या तीन प्रती आहेत. फर्मवेअर २०१६ चं पण प्रती तीन :)

बॅकबटण

लॅपटॉपचं सांगतो. एआय डीनॉइजचं ओझं जवळपास सगळं ग्राफिक्स कार्डावर पडतं, त्यामुळे अकरा मिनिटं म्हणजे तुझ्याकडे ते जुनं किंवा नावापुरतं आहे. रॅम ८ असेल तर १६-३२ कर, त्याने बाकीचं लाईटरूम हलकं होईल, डीनॉइज मात्र फारसं नाही होणार. मधला मार्ग म्हणजे सगळ्यांवर चालवूच नकोस, आधी निवड कर, साडेनऊशेतले वीस ठेवण्यासारखे असतील, त्या वीसांची रांग लावून झोपायला जा. निवड करताना स्मार्ट प्रिव्ह्यू (रॉच्या छोट्या, हलक्या प्रती) वापर. एनव्हिडिया असेल तर गेमवाल्या ड्रायव्हरऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घाल.

आणि ह्या सबस्क्रिप्शनला मी शिव्या घालतो पण एक कबूल करतो, २०२३ च्या एप्रिलमध्ये हे डीनॉइज आलं तेव्हा मी माझ्या निकॉन डी९० चे (२००८ चं मॉडेल) आयएसओ ३२०० चे रॉ परत काढले. तेव्हा जे फोटो रंगीत वाळू म्हणून बाजूला टाकले होते त्यातले तीस-चाळीस आता प्रिंट करण्यासारखे झाले. नवीन बॉडी न घेता. जुने रॉ उडवू नका रे कुणी.

पिक्सेलमोजणी

स्क्रीनबद्दल कुणीच बोललं नाही. प्रिंट काळपट येतात म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांची स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते असा माझा अनुभव. १०० ते १२० कँडेला (उजेडाचं माप) पुरे. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) असेल तर दीड-दोन महिन्यांनी चालवा, पण त्याचीही एक मेख आहे, यंत्र वीस वर्षं टिकेल, त्याचं सॉफ्टवेअर टिकत नाही. मॅकवर २०१९ मध्ये कॅटालिना आली आणि ३२-बिट प्रोग्रॅम बंद पडले तेव्हा माझा धडधाकट कॅलिब्रेटर एका रात्रीत पेपरवेट झाला. डिस्प्लेकॅल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने वाचवला, मग तेही पायथन २ वर अडकलं, आता काहींनी ते पायथन ३ वर आणून चालू ठेवलंय. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलायच्या आधी आपल्याकडचं प्रत्येक यंत्र, प्लगइन, प्रिंटर नव्यावर चालतंय का ते एकेक करून शोधा. हा कंटाळवाणा तास नंतरचे चार दिवस वाचवतो.

रात्रपाळी

अजून एक बारकी गोष्ट. दोन कॅमेरे वापरत असाल तर घड्याळं. दोन्हीत चार मिनिटांचा फरक असला की लाईटरूममध्ये माणूस आधी निघून जातो आणि मग येतो. दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाईलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवायचा, नंतर कॅप्चर टाइम तेवढा सरकवता येतो.

अर्धाक्लिक

सगळ्यांना दंडवत. दहा दिवसांनी येतोय, कारण ह्याच कामात होतो.

पहिल्या रात्री काकांचं ऐकलं. नवीन हार्ड डिस्क, सगळी कॉपी, दोन दिवस लागले. आणि काका, २०१७ च्या एका फोल्डरमधले चौदा रॉ उघडलेच नाहीत, जुन्या डिस्कवरच खराब होते. किती वर्षं तसे होते कोण जाणे. एक प्रत आता भावाच्या घरी. नंतर रीडर आणि केबल (चिकटपट्टी पिवळी मिळाली). लॅपटॉपला १६ जीबी रॅम टाकली, डीनॉइजची रांग रात्री लावतो. विंडोजचं महिनाअखेर, त्याआधी माझा जुना फोटो प्रिंटर नव्या विंडोजवर चालतो का ते शोधतोय.

फर्मवेअर काल केलं. बॅटऱ्या सगळ्या चालतायत, पण लेन्स एकेक लावून बघताना निरभ्र आकाशाचे फोटो काढले तर प्रत्येक फोटोत वर उजवीकडे एकाच जागी राखाडी ठिपका. एफ ४ ला (लेन्सचं छिद्र मोठं असताना) दिसत नाही, एफ १६ ला (छिद्र बारीक) ठसठशीत. फर्मवेअरने काही झालं का?

धूळफुंक्या

माझ्या नावाकडे बघ आणि परत विचार.

सेन्सरवर धूळ आहे रे. लेन्स कुठलीही लावली तरी ठिपका तिथेच, म्हणजे लेन्सवर नाही. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर बऱ्याचदा उघडाच असतो, आणि तू दहा दिवसांत सगळ्या लेन्स काढघाल करून बघितल्यास. आधी मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंग दोनदा चालव. नाही गेला तर कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून हातातल्या रबरी ब्लोअरने फुंक. तोंडाने नाही, थुंकी उडते. कॉम्प्युटर साफ करायच्या दाबाच्या डब्याने तर अजिबात नाही, त्यातलं द्रव सेन्सरवर बसलं तर डाग पडतो. मग परत एफ १६ ला आकाश आणि इथे टाक.

अर्धाक्लिक

गेला! पण आता खाली डावीकडे एक आलाय.

धूळफुंक्या

तोच असेल, सरकलाय. अजून फुंक.